साक्षीदाराचा रकाना

आमच्या घरात तोंडी काही सांगायची पद्धत नव्हती. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या कोणत्या दारातून कोणाच्या शेताला किती वाजता पाणी सुटलं आणि किती वाजता बंद झालं, हे ते एका जाड वहीत लिहीत. पाण्याच्या पाळीवरून कोणी भांडायला दारात आलं, की आबा बोलत नसत. वही उघडून त्या माणसापुढे धरत आणि ओळीवर बोट ठेवत. "बोलणं वाऱ्यासंगं जातं," ते मला सांगत. "लिहून द्यावं, अन् पोच घ्यावी." हा त्यांच्या एकट्याचा हट्ट नव्हता. आमच्या बौद्ध वस्तीला हातपंप मिळाला तो नऊ अर्जांनंतर आणि समाजमंदिरापर्यंतचा रस्ता चौदा अर्जांनंतर. त्या तेवीस अर्जांच्या पोचा आबांनी तारेत ओवून खुंटीला टांगल्या होत्या. अर्जात 'प्रति' कुठे लिहायचं आणि 'विषय' कुठे, हे मला चौथीतच येत होतं. कागदावरचा माझा विश्वास असा घरातून आलेला होता, आणि तो खोटाही नव्हता. त्या हातपंपाचं पाणी पिऊनच मी वाढलो.

वसमतहून औंढ्याकडे जाताना शिरड शहापूरच्या अलीकडे एक फाटा लागतो. तिथून आत तीन किलोमीटरवर आमचं गाव. फाट्यावर एक हॉटेल होतं, म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. घरात सकाळ व्हायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. माय सात भाकऱ्या करायची आणि आठव्या भाकरीचं पीठ उरलं तर त्याचं धपाटं. थंडीत अंबाडीची भाजी, उन्हाळ्यात येसराची आमटी, आणि बाराही महिने शेंगदाण्याची चटणी. मला पाट्यावर वाटलेली आवडते. आजही मी ती हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाट्यावरच वाटतो, कारण मायच्या हातात आता जोर राहिलेला नाही आणि मिक्सरमधली तिला चालत नाही.

रामकिसन माझ्याबरोबर दहावीपर्यंत होता. गणितात दोनदा नापास झाला, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने त्याला शाळेतून काढून शेतात घातलं. त्या दोन वर्षांत त्याला गणित शिकवायला मी त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जायचो. गणित सुटलं, जाणं सुटलं नाही. पुढे मी वसमतला बीएस्सी केलं, परीक्षा देत घरी बसलो, तरी पहाटे पाचला मी घरातून निघायचो आणि पळायला जातो असं सांगायचो. तो बैलांना वैरण टाकत असायचा. "किती पावलं झाली रे आज, उत्तम?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "अकराशे चाळीस." "कालच्यापेक्षा बारा जास्त हायेत. कुठं वाकडा गेलतास?" आणि हसायचा. त्याचं हसणं मोठं होतं, बैल कान हलवायचे. आमच्यात जे होतं त्याला आम्ही कधीच नाव दिलं नाही. नाव द्यायला शब्द लागतो, आणि आमच्याकडे जे शब्द होते ते सगळे फाट्यावरच्या हॉटेलात वापरले जात होते.

ते शब्द मी इथे एकदाच लिहितो. बायल्या. छक्का. मामू. पण शब्दांपेक्षा टाळी वाईट होती. बालाजी नावाचा एकजण काळी-पिवळी जीप चालवायचा. मी फाट्यावर उतरलो की तो बाकड्यावरून न उठता, तळहात आडवे करून, तृतीयपंथी वाजवतात तशी एक टाळी वाजवायचा. एकच. मग इतर चार-पाच जण वाजवायचे. कधी म्हणायचे, "काहून लाजून राहिली बाई, ये की, च्या पी." हॉटेलवाला भांडी विसळत राहायचा. म्हातारी माणसं बिडी ओढत दुसरीकडे पाहायची. हे सगळं मला चालताना पाहून सुरू झालं होतं, म्हणून मी माझं चालणं बदललं. हात शरीराला चिकटवून, पावलं लांब टाकून चालायला शिकलो. आवाज खाली आणला. फाट्यावरून घरी यायच्या तीन वाटा मोजून काढल्या: सरळ रस्त्याने तीन किलोमीटर, कालव्याच्या कडेने चार, ओढ्यातून पावणेपाच. दोन वर्षांत मी बहुतेक ओढ्यातूनच आलो. त्याने टाळ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. माझं शहाणपण एवढ्यावरच संपलं होतं. कोणाला सांगावं, तर सांगताना ते मला तसं का म्हणतात हेही सांगावं लागलं असतं.

म्हणून मी लिहून ठेवलं. दोनशे पानी वहीत चार रकाने आखले: दिवस, जागा, कोण, काय म्हणाला. टाळी असेल तर 'टाळी' लिहायचो, शब्द असेल तर शब्द जसाच्या तसा. दोन वर्षांत त्रेचाळीस नोंदी झाल्या. मी काही एवढ्या थंड डोक्याचा नव्हतो. लिहून झालं की मी वही लगेच मिटायचो. पण लिहिलं की ते माझ्या अंगावरून वहीत जायचं, निदान त्या दिवसापुरतं.

चव्वेचाळिसावी नोंद हळद शिजवताना झाली. माघ-फाल्गुनात आमच्याकडे शेताशेतांतून हळद शिजवायचा धूर असतो आणि सगळ्या गावाला तो ओला, मातकट वास लागतो. एका शेतावर आम्ही वीसेक जण कामाला होतो. रामकिसनही होता. बालाजी जीप लावून उगाच आला. मी शिजलेल्या हळदीची पाटी उचलत होतो. तो मागून आला आणि म्हणाला, "आज बघूनच टाकू, हाय काय न्हाय." आणि त्याने माझी पँट खाली ओढली. मी एका हाताने पँट धरायला गेलो, तोल गेला, आणि उजवा हात कोपरापर्यंत तापलेल्या ड्रमच्या पत्र्यावर टेकला. रामकिसनने मला मागे ओढलं. त्याने बालाजीला काही म्हटलं नाही, पण तो मला धरून उभा राहिला, सगळ्यांसमोर, मिनिटभर तरी. त्या मिनिटाचा मी फार मोठा अर्थ लावला.

माझा हात पाहून आबांनी एवढंच विचारलं, "कोणी केलं?" मी नाव सांगितलं. का केलं ते त्यांनी विचारलं नाही. मला आता वाटतं की त्यांना ठाऊक असावं. ते म्हणाले, "ठाण्यात जा. लिहून दे."

ठाण्यातला जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला बसायला स्टूल दिलं. मग माझे फुलस्केपचे तीन कागद वाचले; मी डावखुरा, म्हणून ते लिहिता आले होते. वाचताना एका जागी थांबला आणि म्हणाला, "टाळीला कलम न्हाई, पोरा."

"साहेब, हात भाजला त्याला तर आहे ना?"

"हाय. पण मी हे लिहून घेतलं, तर मला इचारावं लागंल, हे लोक तुला असं काहून म्हणतात. मग तू काय सांगशील?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्येचं कलम हाय. ते त्येच्यावर न्हाई लागत, तुझ्यावर लागंल. समजून राहिलं का?" मला समजलं. मग त्याने कागद माझ्याकडे सरकवले. गावातले तंटे आधी गावच्या समितीने पाहायचे असं वरून सांगितलेलं आहे, तू समितीकडे दे, म्हणाला. "अन् साक्षीदार लिही. साक्षीदाराबिगर हा नुस्ता कागद हाय. कोणी ऐकलं, कोणी पाहिलं, बराबर लिही."

त्या वर्षी सगळ्या तालुक्यात गावं तंटामुक्त करायचं चाललं होतं. तंटे मिटवलेल्या गावाला बक्षीस आणि कमानीवर पाटी मिळायची. ठाण्यातून परतताच मी तेच कागद आमच्या समितीच्या अध्यक्षांना दिले, तर त्यांनी पहिल्यांदा तीनही कागद चाळून त्यात जातीवाचक शब्द नाही ना, एवढंच पाहून घेतलं. मग ते खुश झाले. वर्ष सरत आलं होतं आणि त्यांना मिटवायला तंटे कमी पडत होते. "साक्षीदाराचं मात्र न्हाई यात," ते म्हणाले. "नवा लिहून आण, रविवारी घेऊ."

त्याच दुपारी मी घरी बसून अर्ज पुन्हा लिहिला. पाचवा रकाना आखला. वहीतली एकेक नोंद घेतली आणि त्या वेळी तिथे कोण होतं हे आठवून खरंखरं लिहिलं. पंचवीस नोंदींपुढे 'कोणी नाही' लिहिलं, कारण हॉटेलातले ऐकणारे लोक स्वतःला ऐकणारे म्हणवून घेणार नाहीत हे मला माहीत होतं. एकोणीस नोंदींपुढे रामकिसनचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांतल्या अकरा आखाड्याच्या रस्त्यावरच्या होत्या. बालाजी पहिली जीप घेऊन पहाटे तिथूनच जायचा, आम्हाला पाहून हॉर्न द्यायचा आणि खिडकीतून टाळी वाजवायचा. दिवसाच्या रकान्यात मी वेळही लिहिलेली होती. पहाटे पाच-वीस. पहाटे पाच-दहा. जागा: रामकिसनचा आखाडा. साक्षीदार: रामकिसन. सगळं लिहून झाल्यावर मी बेरीज ताळून पाहिली. पंचवीस आणि एकोणीस, चव्वेचाळीस. बराबर होती. एवढा बिनचूक कागद मी त्यानंतरही कधी लिहिला नाही. माझी नोकरी पीक कापणी प्रयोगाची आहे, दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखून त्यातलं धान्य तोलायचं. चार दाणे तुकड्याबाहेर पडले तर मी ते घेत नाही. साहेब लोक याला माझा गुण म्हणतात.

आमच्या समितीची एक रीत होती. अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. गावात न वाचता येणारी माणसं बरीच होती, आणि कागदात एक लिहिलं होतं अन् सांगितलं दुसरं असं मागून कोणी म्हणू नये, म्हणून ती रीत पडलेली होती. मला ती माहीत होती. मी दोन सभांना बसलो होतो. तिथे बांधाचे आणि म्हशीचे अर्ज वाचले गेले होते. माझा अर्जही वाचला जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटतं, मी तो कागद वाचणाऱ्यासाठी लिहिला होता. ऐकणाऱ्यांचा विचारच केला नव्हता.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. संख्या भरावी म्हणून बचत गटाच्या बायांनाही बोलावलं होतं. माय तिसऱ्या ओळीत बसली होती. रामकिसन भावाबरोबर खांबापाशी उभा होता. माझ्याकडे पाहून त्याने भुवया उडवल्या, म्हणजे काय आहे, कशाला बोलावलंय. त्याला काहीच माहीत नव्हतं.

अध्यक्ष देवळात पोथी वाचायचे. त्यांचा वाचायचा सूर तोच होता, प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडा लांबवलेला. त्या सुरात त्यांनी पहिली नोंद वाचली. दिवस, जागा, नाव, मग तो शब्द. लोक हसले नाहीत. बायांनी पदर तोंडावर घेतले. मी मायकडे पाहिलं नाही. दुसरी, तिसरी, चौथी. साक्षीदार कोणी नाही. साक्षीदार कोणी नाही. मग सहावी आली. "पहाटे पाच वाजून वीस मिनिटे. जागा, रामकिसनचा आखाडा. साक्षीदार, रामकिसन." आठवीही तशीच. नववीही. बाराव्या नोंदीला मागून कोणीतरी अध्यक्षांच्या आधीच म्हणालं, "रामकिसन." तेव्हा पहिलं हसू आलं. पुढे अध्यक्ष 'साक्षीदार' म्हणायचे आणि थांबायचे, आणि मागची पोरं एका सुरात नाव पूर्ण करायची. देवळात आरतीला म्हणतात तसं. अध्यक्षांनी वाचन थांबवलं नाही. अर्ज पूर्ण वाचायचा ही रीत होती.

"अहो, पाचला हा तिथं काय करून राहिलाय?" एक म्हातारा खरंच न समजून विचारत होता. त्याला शेजारच्याने कानात सांगितलं.

मी तेव्हा खांबाकडे पाहिलं. रामकिसन माझ्याकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या भावाच्या हाताकडे पाहत होता. भावाचा हात त्याच्या दंडावर होता.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी रीतीप्रमाणे साक्षीदाराला पुढे बोलावलं. "रामकिसन, तू हे ऐकलंस का?"

"न्हाई."

"एकदाबी?"

"मी तिथं न्हवतो."

"हळदीच्या दिवशी तर होतास. त्येचा हात भाजला तवा."

"मी न्हवतो, मामा."

त्या दिवशीच्या वीस जणांपैकी चौदा जण व्हरांड्यात बसले होते. मी मोजले. त्यांनी त्याला मला धरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. एकानेही मान वर केली नाही. बालाजी हात बांधून बसला होता. त्याला एक शब्द बोलावा लागला नाही.

अध्यक्ष म्हणाले की साक्षीदार फिरला म्हणजे अर्जात दम नाही, पण गावाला कोणाला तकलीफ द्यायची नाही, तर आपसात मिटवावं. त्यांनी कागद पुढे केला. 'आमचा तंटा समजुतीने मिटला असून माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' रामकिसनचा भाऊ तेवढ्यात खालच्या आवाजात मला म्हणाला, "सही कर अन् निघ. पुन्ना आखाड्याकडं पाय वळला तर काय करीन ते लिहून ठेवायला तू राहायचा न्हाईस." मी सही केली. बालाजीच्या आणि माझ्या हातात एकेक नारळ दिला. गळाभेट झाली. गळ्यात पडताना त्याने माझ्या पाठीवर दोन्ही तळहात हलकेच आपटले, मला कळेल एवढेच. चहा झाला. गावाचा एक तंटा कमी झाला. पुढच्या वर्षी कमानीवर पाटी लागली.

घरी आबा वही उघडून बसले होते. ते सभेला आले नव्हते, पण त्यांना कळलं होतं. "पोच घेतलीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वहीत पाहू लागले, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, आम्ही त्या विषयावर बोललो नाही. माय चुलीपाशी होती. तिने ताट वाढलं, माझा उजवा हात बांधलेला म्हणून भाकरी कुस्करून दिली. बराच वेळाने म्हणाली, "पाचाला जात होतास. म्हंजी उपाशीच जात होतास व्हय रोज." ती त्यानंतर तीन महिने बचत गटाकडे फिरकली नाही. पाणी भरायला दुपारी जायची, हातपंपावर कोणी नसताना.

कायदा बदलला ते मी पुढे बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं. जमादार म्हणाला होता ते कलम माझ्यावरून उठलं होतं. मी बातमी दोनदा वाचली. माय शेजारी तांदूळ निवडत होती. मी पेपरची घडी घातली. आनंद झाला नाही असं नाही, पण तो कोणाला सांगायचा, असा प्रश्न होता, आणि ज्याला सांगायचा त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता.

रामकिसनला सभेच्याच आठवड्यात बहिणीच्या गावी, वसमतपलीकडे साखर कारखान्याच्या बाजूला धाडलं. महिन्याच्या आत लग्न लावलं. आमच्या वस्तीत पत्रिका आली नाही. मला तो एकदाच भेटला, लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी, वसमतच्या बसस्टँडवर. मी परीक्षेचा फॉर्म टाकायला गेलो होतो. तो बाकावर बसला होता, पायाशी पिशवी, मनगटावर अजून हळकुंड बांधलेलं. भाऊ तिकडे चौकशीच्या खिडकीपाशी गेला होता. मी जवळ गेलो, पण बसलो नाही. मला त्याला सांगायचं होतं की तू नाही म्हणालास त्याचा मला राग नाही. ते मी वसमतला येताना बसमध्ये कितीदा तरी मनात म्हटलेलं होतं, कधी भेटलाच तर म्हणून. तो माझ्या हाताकडे पाहत होता. पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी झाली होती.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने पिशवी पायाने जवळ ओढली. मग म्हणाला, "एकोणीस बार माझं नाव लिहिलंस, उत्तम. मला एक बार तरी इचारायचं होतंस."

खिडकीपासून त्याचा भाऊ वळला होता. माझ्याकडे एका वाक्यापुरता वेळ होता.

"साक्षीदार लागतो म्हणाले होते," मी म्हणालो.